पाठमोऱ्यांना चेहरा नसतो

१८ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहायला कारण काही नाही. कारण असलं की माझा हात चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझं दीपगृहाचं कार्ड मिळालं. नेहमीप्रमाणे पुढच्या बाजूला जागा आणि मागच्या बाजूला चार ओळी, त्यातल्या दोन हवेच्या. “इथे देश संपतो, पुढे नुसतं पाणी. मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाणी बघत होते,” असं लिहिलं होतंस, ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तिला म्हणावं, वाऱ्यात उभी राहू नकोस, कानाला काहीतरी बांध.” तू इतकी वर्षं बसभर माणसं घेऊन अख्खा देश दाखवत हिंडतेस, तरी आईच्या लेखी तू अजून कान न बांधता शाळेला निघालेली मुलगीच आहेस.

आता आईचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलो. जी नजर गेली ती परत यायची नाही आणि जी आहे ती उन्हाळ्यापर्यंत टिकली तर नशीब, असं ते म्हणाले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे थोरली येईपर्यंत दिसेल ना?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसले.

ताई, हंगाम संपला की येते, असं तू दर हंगामात लिहितेस. या वेळी हंगाम संपायच्या आत ये. आईला तुला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. तिचं दुसरं काही मागणं नाही आणि माझंही नाही.

बागेत कामाचा नुसता रगाडा आहे. तू ही बाग बघितलेली नाहीस म्हणून पुन्हा सांगते. तू गेलीस तेव्हा गावाबाहेर जिथे पडीक वीटभट्टी होती, तिथे आता अख्खा देश मांडून ठेवलाय, कमरेएवढ्या उंचीचा. उत्तरेचा बर्फाचा घाट आणि त्यातून धावणारी छोटी आगगाडी, पश्चिमेचं मिठाचं वाळवंट, पूर्वेकडच्या गुहा, मधले गरम पाण्याचे झरे, आपल्या भागातला धबधबा, आणि अगदी खाली तुझं दीपगृह. लोक तिकीट काढतात, दोन फेऱ्यांत देश पालथा घालतात आणि फाटकाबाहेर चहा पितात. ज्यांना तुझ्या कंपनीची सहल परवडत नाही ते आपल्याकडे येतात, असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे बागेच्या कारखान्याचे प्रमुख. डोंगर आणि इमारती त्यांच्याकडे, आणि माझ्याकडे माणसं. बोटाएवढी माणसं. साच्यातून काढायची, घासायची, रंगवायची, पायांत तार घालून जागेवर रोवायची. माणसं नसली तर कितीही देखणी जागा भकास दिसते, हे तुलाही अनुभवाने माहीत असेल.

तर बातमी अशी, की मी तुला केलं. तू लिहिलं होतंस तो निळा कोट, हातात सहलीची माणसं गोळा करायची लाल झेंडी, आणि एक पाय जरासा बाहेर टाकून उभं राहायची तुझी तऱ्हा. तार थोडी वाकवली आणि तू समोर उभी राहिलीस, मलाच हसू आलं. दीपगृहाच्या कठड्याशी रोवलं तुला, कार्डात लिहिलं होतंस तशीच, पाण्याकडे तोंड करून. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “चेहरा जमला का?”

मी म्हटलं, जमला.

आता एक अडचण झाली आहे. दीपगृहाचा रंग उन्हाने पोपडे धरून निघाला म्हणून मास्तर त्याला पांढरा हात देणार आहेत. मधे माणसं नकोत. तेव्हा आज तुला तिथून उपटलं आणि मिठाच्या वाळवंटात नेऊन उभं केलं, तिथेही लांब क्षितिजाकडे बघत. रागावू नकोस, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

आईने आशीर्वाद सांगितला आहे आणि कान बांधायला सांगितलं आहे.

तुझी
खारू


९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी दोन्ही कार्डं आणि मागाहून ते लांब पत्र, तिन्ही पोचली. लगेच उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते पुढे लिहिणार आहे, तेव्हा आधी घरचं उरकून घेते. नळ दुरुस्त केला. शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी परीक्षेत पास झाली. आईला आता माणसाचा नुसता आकार कळतो. परवा मी दारातून आत आले तर तिने विचारलं, “थोरली का?” मी म्हटलं, नाही, मी आहे. ती “बरं” म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. चाचपून निवडते आता, मधे कुणी पडलेलं तिला चालत नाही.

तुझं पहिलं कार्ड मिठाच्या वाळवंटाचं आलं, तेव्हा मी हसले. अचानक इकडे यावं लागलं असं तू लिहिलं होतंस. वर असंही, की कंपनीत विचारलं तर ते म्हणाले, “आम्ही कुठे पाठवलं? तुम्हीच तर गेलात.” मी मनात म्हटलं, गंमत आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दीपगृहाचा रंग वाळला होता, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. मी तुला दीपगृहावर परत नेलं नाही. गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी नेलं, जिथे वाफ दाखवायला आम्ही कापूस पिंजून लावतो.

दुसरं कार्ड झऱ्यांचं आलं. बस वाट चुकली, रात्रभर चालत राहिली आणि उजाडलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. बुटांना अजून मीठ चिकटलेलं आहे, असं लिहिलंस. आणि खाली बारीक अक्षरात, तळव्यांत काहीतरी बोचतं, बूट काढून बघितले तर काही सापडत नाही.

ते वाचून मी कारखान्यात गेले आणि तारेच्या भेंडोळ्याकडे बघत बसले. मला भीती वाटली, ताई. पण खोटं कशाला लिहू, भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. इतकी वर्षं मी तुला ये ये म्हणून लिहीत होते आणि तू हवा कळवत होतीस. आता तुला विचारायचीच गरज नव्हती. नुसतं उचलायचं आणि घरी आणायचं.

आणायला गेले तर घर कुठे आहे? देशभर शोधलं, आपलं गाव नाही. मास्तरांना विचारलं, “आपलं गाव का केलं नाहीत?”

“इथे बघण्यासारखं काय आहे?”

“ही बाग आहे की.”

“म्हणजे बागेत बाग करायची, आणि तिच्यात आणखी एक बाग. मला वेड लावायचा विचार आहे का तुझा? जा, घाटातली दोन माणसं पडली आहेत ती उभी कर.”

मग आपल्यापासून सगळ्यात जवळचं काय, तर धबधबा. लहानपणी वडील आपल्याला एकदा घेऊन गेले होते तोच. तुला मी त्याच्या कठड्यावर आणून ठेवलं, पाण्याकडे तोंड करून. वाटलं, इतक्या जवळ आल्यावर ही आपणहून एक बस पकडेल आणि घरी येईल.

तसं झालं नाही, तुझं लांब पत्र आलं. ते मी आईला वाचून दाखवलेलं नाही. तिला सांगितलं की ताई मजेत आहे आणि धबधब्याला पाणी चांगलं आहे.

तुझा ड्रायव्हर, ज्याच्याबरोबर तू वर्षानुवर्षं फिरलीस, ज्याच्या मुलीच्या लग्नात तू वाढायला उभी होतीस, त्याने तुला बसच्या दारात थांबवून म्हणावं, “बाई, तिकीट दाखवा.” तू हसलीस, तो हसला नाही. सहलीतली माणसं तू झेंडी वर केलीस की येतात, पण बोलताना तुझ्या खांद्यापलीकडे बघतात. एका बाईंनी सगळ्यांचा फोटो काढला, त्यात तू पाठ करून उभी आहेस, आणि तुला तर पक्कं आठवतं की तू कॅमेऱ्याकडे बघत होतीस. खोलीतल्या आरशावर वाफ धरली आहे आणि ती पुसली तरी जात नाही. शेवटी तू लिहिलंस, “खारू, मला बरं नसेल. जरा झोप झाली की ठीक होईल.”

ताई, तुला बरं आहे. झालंय ते माझ्यामुळे.

आमच्या कामात एक पद्धत आहे. बघणाऱ्यांची वाट एकाच बाजूने जाते. जी माणसं वाटेकडे तोंड करून उभी, त्यांना डोळे, भुवया, ओठ, सगळं. जी पाठमोरी, त्यांना काही नाही. चेहऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि जे कुणी बघणार नाही ते रंगवायचं नाही, हा मास्तरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. आपल्या देशातली निम्मी माणसं कोरी आहेत. दरीत डोकावणारी, सूर्यास्त बघणारी, नावेत पुढे तोंड करून बसलेली. मागून बघशील तर एक से एक देखणी.

तू दीपगृहावर पाठमोरी होतीस. वाळवंटात, झऱ्यांपाशी, धबधब्यावर, सगळीकडे मी तुला पाठमोरीच उभी केली. आईला जमला म्हणून सांगितलेला चेहरा मी रंगवलेलाच नव्हता.

घाबरू नकोस. यात अवघड काही नाही, माझं रोजचंच काम आहे. उद्या सकाळी तुला उचलते, टेबलावर घेते आणि रंगवून टाकते. आज केलं असतं, पण त्वचेचा रंग संपला आहे आणि बारीक कुंचल्याचे केस झडले आहेत. उद्या नक्की. तोवर आरशात बघू नकोस, कुणी फोटो काढू लागलं तर बाजूला हो, आणि जमलं तर कान बांध. म्हणजे आईचंही ऐकल्यासारखं होईल.

तुझी
खारू


२२ एप्रिल, दुपार

ताई,

या पत्राला तिकीट लागणार नाही. मागचं पत्र परत आलं. वर तुझ्या कंपनीचा शिक्का आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, “या नावाच्या मार्गदर्शक आमच्याकडे नाहीत. पूर्वीही नव्हत्या.” त्यानंतर तुझं कार्ड नाही की पत्र नाही.

त्वचेचा रंग संपलेला नव्हता. डबा भरलेला होता आणि कुंचलाही नवा कोरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला धबधब्यावरून खरंच उचललं, टेबलावर चिमट्यात धरलं, भिंग डोळ्यांपुढे ओढलं, कुंचला रंगात बुडवला, आणि तो वाळेपर्यंत तशीच बसून राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसले. सांगायला मला इतके दिवस लागले, पण आता सांगते. मला तुझा चेहरा आठवत नाही.

बाकीचं सगळं आठवतं. तुझे हात आठवतात, तुझं पाऊल आठवतं, मी खोटं बोलले की तू नुसतं “हं” म्हणायचीस ते कानात आहे. जिन्यात येणारा तुझा आवाज मी शंभर माणसांत ओळखेन. पण मान वर करून तुझ्याकडे बघायला गेले की तिथे काही नाही. मला माझीच लाज वाटली. माणसांचे चेहरे रंगवून पोट भरणारी मी, आणि सख्ख्या बहिणीचं साधं नाकसुद्धा सांगता येईना. त्या दिवशी मी कारखान्यात रडले. मास्तरांना वाटलं वार्निश डोळ्यांत गेलं, ते पाणी घेऊन आले.

फोटो शोधले. कॅमेरा घरात कायम तुझ्या हातात असायचा, त्यामुळे सगळ्या फोटोंत मी, आई, वडील आणि शेजाऱ्यांचं मांजर. तुझा मिळाला तो दोन वेण्या आणि पुढचा दात पडलेला. त्यावरून आजची बाई कशी करू? तुझी कार्डं सगळी जपून ठेवली आहेत, पण ती जागांची आहेत. देशातली एकही जागा तू मला दाखवायची सोडली नाहीस आणि एकाही कार्डात तू नाहीस.

शेवटी मास्तरांना विचारलं, न बघता चेहरा कसा करायचा.

“कुणाचा?”

“माझ्या बहिणीचा.”

त्यांनी चिमट्यातल्या तुझ्याकडे बघितलं. “पाठमोरीच राहू दे की. चांगली उभी आहे.”

“तिला घरी यायचंय.”

मास्तरांनी गवताचा डबा बगलेत घेतला. मग म्हणाले, “घरी यायचं म्हणजे वळावं लागणार. आणि वळायचं तर चेहरा द्यावा लागतो, कोरं माणूस वळवता येत नाही. ज्याने पाहिलाय त्याला विचार.” एवढं बोलून ते डोंगराला गवत लावायला गेले.

ज्याने पाहिलाय, असं एकच माणूस उरलं होतं. आईचे डोळे तोवर पुरते गेले होते, उजेडसुद्धा कळेना. मी तिच्यापाशी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, ताई दिसायला कशी होती गं?”

“कशी म्हणजे? तुझ्यासारखी.”

“नीट सांग. नाक?”

“नाक वडिलांचं. तुमचं दोघींचं वडिलांचंच.” तिने हात पुढे केला आणि माझ्या तोंडावरून बोटं फिरवायला लागली, भाजी निवडते तशी, सावकाश, काही सुटणार नाही अशी. “कपाळ असं. भुवया अशा, मधे जवळ आलेल्या. हनुवटी माझी. गालावर खळी तिला होती की तुला?” मी म्हटलं, मला आहे. “मग तिलाही असेल.” तिची बोटं माझ्या ओठांवर थांबली. ती म्हणाली, “अशीच होती गं. अगदी अशीच. आली का ती?”

मी तिची बोटं तशीच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी घरातला हातआरसा बरोबर नेला, टेबलावर टेकवून ठेवला आणि त्यात बघत तुझा चेहरा रंगवला. भुवया, डोळे, वडिलांचं नाक, आईची हनुवटी, खळी. आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. वाळल्यावर भिंगातून बघितलं तर माझ्याकडे मीच बघत होते, बोटाएवढी, निळा कोट घालून.

राहता राहिलं घर. ते मी जेवणाच्या सुटीत केलं, उरल्यासुरल्या फळ्यांतून. आपलं दार, पायरी, नळ, शिंपीणबाईंच्या खिडकीची एक कड. धबधब्याच्या मागे जिथे माळी पाण्याच्या नळ्या गुंडाळून ठेवतो तिथे थोडी जागा होती, तिथे मांडलं. मास्तर येऊन बघून गेले. “हे बघायला कोण येणार?” एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

काल संध्याकाळी, बाग बंद व्हायच्या आधी, तुला मी आपल्या पायरीवर रोवलं. घाई झाली. फाटकावरच्या काकांनी शिट्टी वाजवायला सुरुवात केली होती. तारेला गोंद लावला, दाबलं, बोट काढलं, आणि मग बघितलं. चेहरा रंगवला की तोंड वाटेकडे, हा माझा हात बसलेला. इतक्या वर्षांची सवय, मी विचारसुद्धा केला नाही. तुझं तोंड बघणाऱ्यांच्या वाटेकडे झालं होतं आणि पाठ आपल्या दाराकडे. उपटायला गेले तर गोंदाने घट्ट धरलं होतं. जोर केला असता तर घोट्यात मोडली असतीस. तशीच ठेवून आले.

आज सकाळी कामाला गेले तर फाटकावरच्या काकांनी हात आडवा घातला. हे काका रोज माझ्या डब्यात काय आहे ते विचारतात आणि त्यातला घास मागतात. मला वाटलं थट्टा करताहेत. म्हणाले, “बाई, तिकीट खिडकीत मिळेल.” मी म्हटलं, काका, मी. ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते, मागे उभ्या असलेल्या सहलीच्या मुलांकडे. मी खिडकीत जाऊन तिकीट काढलं नाही. घरी परत आले. घरात आरसा आहे, पण मी त्यात बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. मला तशी अडचण नाही. दिवसभर भिंगापुढे मान घालून बसणारीकडे कोण बघतं? आई मला पावलावरून ओळखते. आजही ओळखलं.

मी घरी आले तेव्हा पायरी रिकामी होती. आईला जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि खिडकीतून पाणी फेकायला गेले तर तू उभी होतीस.

बाहेर लख्ख ऊन आहे. रस्त्यावर माणसं ये-जा करताहेत. शिंपीणबाई तुझ्या अगदी जवळून पिशवी घेऊन गेल्या, तुझ्याकडे बघून हसल्या आणि “आज कामाला नाही का गेलीस?” म्हणाल्या. एक पाय जरा बाहेर टाकून, रस्त्याकडे तोंड करून, घराकडे पाठ करून तू उभी आहेस. कोटाच्या शिवणीत मीठ आहे. झेंडी हातात आहे. मला तुझा केसांचा अंबाडा दिसतो आणि कानामागचा थोडा भाग, आणि मी केव्हापासून दाराच्या या बाजूला बसून हे लिहिते आहे. दोनदा ताई म्हणून बघितलं. तू हलली नाहीस. तुला ऐकू येत असेल, असं मला वाटतं, पण आपण वळलो तर काय दिसेल याची तुलाही भीती असेल.

म्हणून हे दाराखालून सरकवते आहे. वाच, आणि राग आला तर वाचून झाल्यावर ये. बागेत जाऊन तुला मोडून वळवायचं माझ्याच्याने होणार नाही. मी तुला पुष्कळ हलवलं, तुला न विचारता, जिथून तिथे. आता एवढं एक तू आपणहून कर.

तुझा चेहरा तुला द्यायला हवा होता, तो माझ्याकडे शिल्लक नव्हता. होता तो दिला. आत आल्यावर आरशात बघशील तेव्हा दचकू नकोस, आणि माझ्याकडे बघशील तेव्हाही दचकू नकोस. मी काही परत मागणार नाही. आईच्या हातांना तो बरोबर लागेल, त्याची मी खात्री करून घेतली आहे. ती म्हणाली अशीच होती, आणि मला तिचं म्हणणं मोडायचं नाही. तिला डोळ्यांनी बघायचं होतं, ते आपल्या दोघींकडून राहिलं. हातांनी तरी बघू दे.

आई मागून विचारते आहे, “दारात कोण आहे गं? पाऊल ओळखीचं आहे.” मी कडी काढली आहे. ती भिंतीला धरून दाराशी येऊन उभी राहिली आहे, तिने हात पुढे केलेत.

मागे वळ, ताई.

जिचा चेहरा घेऊन तू आली आहेस, ती,
तुझीच
खारू